भास्करबुवांच्या मूल्यमापनातील एक अडचण

सुरत म्हटली की मराठी वाचकास १६६४ सालची शिवाजी महाराजांची स्वारी आठवते, नाही तर १९०७ साली फुटलेले काँग्रेसचे अधिवेशन. त्या परिसराचे तिसरे एक ऋण आपल्यावर आहे आणि त्याचा उल्लेख क्वचितच होतो. सुरतेजवळील कठोर या गावी (ते त्या वेळी बडोदे संस्थानात मोडे) १७ ऑक्टोबर १८६९ रोजी भास्करबुवा बखले जन्मले.

त्यांच्या कारकिर्दीचा आराखडा सर्वपरिचित आहे. बडोद्यातील प्रारंभीचे शिक्षण, किर्लोस्कर मंडळीतील बालवयातील स्त्रीभूमिका, आवाज फुटल्यामुळे सुटलेली रंगभूमी. पुढे फैजमहंमदखाँ, नत्थनखाँ आणि अल्लादियाखाँ या तिघांकडे वर्षानुवर्षे केलेली विद्यासाधना. १९११ साली पुण्यास स्थापिलेला भारत गायन समाज. आणि ८ एप्रिल १९२२ रोजी झालेला अंत. ग्वाल्हेरची सरळ अस्ताई-अंतऱ्याची मांडणी, आग्र्याची लयकारी व जयपूरची पेचदार तान एका कंठात नांदली, असे त्यांच्याविषयी नेहमी लिहिले जाते. हे विधान खोटे नाही. परंतु तीन घराण्यांची बेरीज सांगितल्याने गवई कळतो, असे आम्हांस वाटत नाही. बेरीज पुष्कळांस करता येते. काय घ्यावे आणि काय सोडावे याचा विवेक ही खरी कसोटी होय.

अडचण येथेच उभी राहते. हा विवेक तपासावा कशावरून? ग्रामोफोन हिंदुस्थानात येऊन वीस वर्षे होत आली तोवर बुवा हयात होते. अब्दुल करीमखाँचा आवाज तबकडीवर उतरला, बुवांचा मागे उरला नाही. गोविंदराव टेंब्यांनी ‘माझा संगीत व्यासंग’मध्ये त्यांच्याविषयी जिव्हाळ्याने लिहिले आहे खरे, पण मैफलीची आठवण कितीही रसाळ असली तरी ती ऐकणाऱ्याची असते. शिष्यांच्या गाण्यावरून गुरू ताडावा, तर बालगंधर्व व मास्टर कृष्णराव यांच्या प्रकृतीच निरनिराळ्या.

आमच्या मते बुवांचा लेखी म्हणावा असा पुरावा एकच आहे, तो म्हणजे त्यांनी नाटकांना दिलेल्या चाली. ‘विद्याहरण’ १९१३ चे, ‘स्वयंवर’ १९१६ चे आणि ‘द्रौपदी’ १९२० चे. वाङ्मयेतिहासात त्यांची नोंद ‘संगीत : भास्करबुवा बखले’ एवढ्या एका ओळीत आटोपते, आणि शाळा-महाविद्यालयांत ‘स्वयंवरा’तील पदे कविता म्हणून शिकविली जातात तेव्हा तीही ओळ गळते. परिणामी खाडिलकरांवर दोष येतो की, पदे बोजड आहेत, समास ओढूनताणून केले आहेत, अन्वय लागता लागत नाही.

हा दोष आम्ही नाकारीत नाही. किर्लोस्करांच्या ‘सौभद्रा’तील साकी-दिंडी वाचताना जीभ अडखळत नाही, तेथे शब्द आणि चाल एकाच माणसाच्या मनात उगवली होती. ‘स्वयंवरा’त बव्हंशी चीज आधी आली आणि तिच्या मात्रांत मराठी अक्षरे बसविली गेली. हिंदी बंदिशीत जेथे स्वर लांबतो तेथे मराठीत दीर्घ अक्षर हवे, ते सहज न सापडले तर ओळीची ओढाताण होणारच. काव्याचे नुकसान झाले, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

परंतु नाट्याचे झाले काय? रुक्मिणीची पदे पाहावीत. भूप, यमन, बिहाग, हे राग बुवांच्या पोतडीतील दुर्मिळ माल नव्हेत. अल्लादियाखाँच्या शिष्याला अनवट रागांची वाण नव्हती. त्याने मनात आणले असते तर प्रत्येक प्रवेशात जाणकारांस चकित केले असते. त्याऐवजी, प्रेमात पडलेल्या राजकन्येच्या तोंडी त्यांनी असे राग दिले की जे पिटातल्या प्रेक्षकाच्या कानांनाही परके नव्हते, आणि बंदिशी मात्र अस्सल ख्यालाच्या घेतल्या. सोपे राग आणि भारदस्त चीज, या निवडीत आम्हांस तो विवेक दिसतो. पात्र ओळखून हा गवई आपली विद्या आवरतो.

पुढे वन्समोअरच्या भरात एकेक पद लांबत गेले आणि रुक्मिणी बाजूस राहून मैफलच रंगू लागली, ही तक्रार जुनी आहे व खरीही आहे. तिचे खापर चालीवर फोडणे मात्र अन्यायाचे होईल. चाल विस्ताराला वाव देते. किती विस्तार करावा हे गाणारा ठरवितो, आणि (हे म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाही) टाळ्या देणारा प्रेक्षकही ठरवितो.

म्हणून शिक्षकबंधूंस एक सुचवावेसे वाटते. ‘स्वयंवरा’चे पद वर्गात घेताना प्रथम त्याचा अन्वय लावू नये, बालगंधर्वांची ध्वनिमुद्रिका ऐकवावी, त्या तबकडीच्या तीन मिनिटांत विस्ताराला जागाच नसते. जी अक्षरे कागदावर अडतात ती समेवर कशी येतात हे विद्यार्थ्यांनी ऐकावे, आणि मग खुशाल खाडिलकरांचे गुण कापावेत.