अंडे कोणत्या टोकाने फोडावे?

आमच्या सोसायटीत विजेवर चालणारी पहिली गाडी आली, त्या दिवशी पेढे वाटले गेले आणि त्याच संध्याकाळी वादाला तोंड फुटले. एक पेट्रोलवाले गृहस्थ म्हणाले, ‘‘धूर सोडत नाही म्हणे! अहो, तुमची गाडी चंद्रपूरच्या कोळशावर चालते. धूर फक्त तिकडच्या लोकांना दिलात तुम्ही.’’ गाडीच्या मालकाने पेढा पुढे करत विचारले, ‘‘आणि तुमचं पेट्रोल काय कोयनेच्या पाण्यातून येतं?’’ दोघेही हसले, आम्हीही हसलो. हा वाद अजून चालू आहे. मीही त्यात हिरिरीने भाग घेतो. त्यातला माझा एक विनोद मात्र मला पुढे बोचू लागला. हा लेख त्या बोचणीतून झाला आहे.

यंत्रांवरून होणाऱ्या अशा हलक्याफुलक्या वादांना आता चार-साडेचार दशकांची लेखी परंपरा आहे. त्यांना लेखक आहेत, संकेत आहेत, पुन्हापुन्हा येणाऱ्या कोट्या आहेत. मग त्यांची समीक्षा का होऊ नये? त्यासाठी लागणारी परिभाषा आपल्याकडे तयारच आहे. न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता केवळ दुसऱ्याची पाडण्यासाठी होते ती वितंडा. जल्पाचे एक हत्यार म्हणजे छल. त्याचे प्रसिद्ध उदाहरण ही चक्क एक कोटी आहे. एखाद्याकडे ‘नव’ कांबळे आहे असे म्हटले, की प्रतिपक्षी विचारतो, ‘नऊ कुठे आहेत? एकच तर दिसते आहे!’ म्हणजे शब्दच्छल आणि विनोद ही जुळी भावंडे आहेत, हे आपल्या नैयायिकांना पुरते ठाऊक होते. त्यांना छल नकोसा होता. माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. चांगला गमतीदार वाद वरून जल्पासारखा दिसतो, पण आतून तो वादच असतो. दोन्ही बाजूंना छल हा छल म्हणून दिसत असतो, म्हणून त्याने कोणी फसत नाही. प्रश्न इतकाच, की हे केव्हा साधते आणि केव्हा फसते?

पहिला नमुना १९८० सालचा. त्या वर्षीच्या १ एप्रिलला डॅनी कोहेन या संगणकशास्त्रज्ञाने एक टिपण लिहिले. त्याच्या शीर्षकात धर्मयुद्धे होती आणि शांततेची याचनाही होती. विषय अगदी रुक्ष. संगणकाच्या स्मृतीत मोठी संख्या तुकड्यातुकड्यांनी साठवतात. तर मोठ्या किमतीचा तुकडा आधी ठेवायचा की लहान किमतीचा? काही यंत्रे एका रीतीने चालत, काही दुसऱ्या. ती एकमेकांशी बोलू लागली तेव्हा घोटाळे होऊ लागले आणि अभियंत्यांत दोन पंथ पडले. कोहेनने त्यांना जोनाथन स्विफ्टच्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मधली, म्हणजे १७२६ सालची नावे दिली. उकडलेले अंडे मोठ्या टोकाने फोडावे की लहान, यावरून लिलिपुट आणि ब्लेफुस्कू यांच्यात युद्ध पेटते आणि ११,००० माणसे लहान टोकाने अंडे फोडण्यापेक्षा मरण पत्करतात, ती ही गोष्ट. तेव्हापासून संगणकाच्या पाठ्यपुस्तकांत ‘बिग-एंडियन’ आणि ‘लिट्ल-एंडियन’ हे शब्द गंभीर चेहऱ्याने छापले जातात.

कोहेनचे टिपण नुसती टवाळी करून थांबत नाही. दोन्ही रीतींचा तर्क तो समजावून सांगतो. कोणती यंत्रे आपापल्या नियमाशी कुठे बेइमान होतात, हेही दाखवतो. आणि शेवटी म्हणतो, की कोणता क्रम निवडला यापेक्षा सगळ्यांनी एकच निवडणे महत्त्वाचे. हवे तर नाणे उडवा! यंत्रांची जोडणी हे त्याचे स्वतःचे काम होते. घोटाळ्याचा ताप त्यालाही होता. म्हणून त्याचे हसू वरून पडलेले वाटत नाही. पुढे इंटरनेटच्या नियमांत मोठे टोक आधी ठरले, आणि आज आपल्या हातातली बहुतेक यंत्रे आतून लहान टोकाची आहेत. बाहेर निरोप पाठवताना पत्त्याचे आकडे ती मुकाट्याने उलटवून घेतात. युद्ध कोणी जिंकले नाही, पण तह झाला.

मराठी माणसाला हा वाद परका वाटण्याचे कारण नाही. आपण २५ लिहिताना दोन आधी लिहितो आणि म्हणताना पाच आधी म्हणतो: पंचवीस. लेखणी मोठ्या टोकाची, जीभ लहान टोकाची. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशी वाचनाची रीत आणली. लहान मुले २५ आणि ५२ यांत गोंधळतात, जोडाक्षरांनी अडखळतात, त्यांना थोडा हात द्यावा, अशी गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांची भूमिका होती. जुनी रीत काढून टाकलेली नव्हती, तिच्या जोडीला नवी दिली होती. तरीही महाराष्ट्रभर कोट्यांचा पाऊस पडला. तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या आडनावातल्या ‘वीस’वर विधानसभेतही कोटी झाली. त्या कोट्यांना मीही हसलो होतो. आज त्या पुन्हा तपासताना लक्षात येते, की ज्यांना पंचवीस कधीचे पाठ झालेले आहे अशांनीच त्या केल्या होत्या. ज्याचे अडत होते ते सात वर्षांचे पोर त्या हशात कुठेच नव्हते. प्रश्न कोहेनचाच होता. पण त्याच्या विनोदाने प्रश्न उघडला आणि आपल्या विनोदाने तो बंद केला.

इथे मला एक कसोटी सापडते. विनोद करणारा स्वतः त्या अडचणीच्या आत उभा आहे की बाहेर? इतर नमुन्यांना ती लावून पाहू.

लेखी वादात आवाज नसतो, त्यामुळे थट्टा आणि तंटा यांतला फरक पुसला जातो. १९८२ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकावरच्या सूचनाफलकावर एक गमतीचे कोडे चालले होते: लिफ्ट मोकळी खाली पडू लागली तर आतल्या पाऱ्याच्या थेंबाचे काय होईल? त्यावर कोणीतरी थट्टेने इशारा टाकला, की प्रयोगामुळे एका लिफ्टमध्ये पारा सांडला आहे आणि थोडी आगही लागली होती. काहींना ते खरेच वाटले! मग थट्टेला खूण असावी अशी चर्चा झाली आणि १९ सप्टेंबरला स्कॉट फाल्मन यांनी अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस यांचा आडवा हसरा चेहरा सुचवला. नैयायिकांच्या भाषेत सांगायचे तर छल करणाऱ्याने छलावरच शिक्का मारून द्यायचा. हास्यचित्रांचा आजचा सारा बाजार त्या तीन चिन्हांपासून सुरू होतो.

शिक्का नसला तर काय होते, याचे उदाहरण १९९२ चे. ॲमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबाउम यांनी विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी ‘मिनिक्स’ ही प्रणाली लिहिली होती. हेलसिंकीच्या लिनस टोर्वाल्ड्स या बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’ लिहायला घेतली होती. २९ जानेवारीला प्राध्यापकांनी जाहीर केले, की लिनक्स कालबाह्य आहे. तिचा सगळा गाभा एकाच ठोकळ्यात आहे, ही सत्तरच्या दशकाकडे घेतलेली उडी आहे, आणि इंटेलच्या ज्या चिपवर ती बेतली आहे त्या घराण्याचे दिवस भरत आले आहेत. पुढे त्यांनी टोलाही मारला, की तू माझा विद्यार्थी नाहीस हे बरे, अशा आराखड्याला चांगले गुण मिळाले नसते. पोरगा भडकला, तिखट उत्तर देऊन बसला आणि लगेच त्या सुराबद्दल माफीही मागता झाला. मुद्दा मात्र त्याने सोडला नाही.

हा वाद मला अभिजात वाटतो तो त्याच्या उत्तरार्धामुळे. २००४ मध्ये लिनक्स ही मिनिक्सवरून उचललेली आहे असा आरोप झाला, तेव्हा टोर्वाल्ड्सच्या बाजूने साक्ष द्यायला टॅनेनबाउम स्वतः पुढे आले. आणि २०१७ मध्ये उघड झाले, की इंटेलच्या चिपांत दडवलेल्या एका छोट्या व्यवस्थापक संगणकात मिनिक्सच चालते आहे! प्राध्यापकांनी कंपनीला जाहीर पत्र लिहून खेळकरपणे कळवले, की मला आधी सांगितले असते तर बरे वाटले असते. म्हणजे आज अँड्रॉइड फोनमध्ये लिनक्स आणि इंटेलच्या चिपांत मिनिक्स. ज्या चिपघराण्याचे भविष्य प्राध्यापकांनी संपवले होते, त्याच घराण्यात त्यांची प्रणाली नांदते आहे. हे दोघे वादी शेवटपर्यंत वादीच राहिले, वैरी झाले नाहीत.

आता गाडीकडे वळतो. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात एक पत्रक ईमेलमधून जगभर फिरले. मोटारींनी संगणकाच्या वेगाने प्रगती केली असती तर त्या किती स्वस्त झाल्या असत्या, अशी फुशारकी संगणकवाल्यांनी मारली आणि जनरल मोटर्सने त्याला उत्तर दिले, असा त्याचा घाट होता. तसे पत्रक त्या कंपनीने काढलेच नव्हते. पण अनाम लेखकाची लेखणी तिखट होती. गाडी दिवसातून दोनदा विनाकारण बंद पडली असती आणि आपण ती मुकाट्याने पुन्हा चालू केली असती. अपघातात हवेची पिशवी उघडण्याआधी ‘नक्की ना?’ असे विचारले गेले असते. इंजीन बंद करायला ‘स्टार्ट’ लिहिलेले बटण दाबावे लागले असते. हे दुखणे भोगणाऱ्याचे हसू होते. ज्याचा संगणक ऐन कामाच्या वेळी गोठला होता, अशा कोणाचे तरी. कसोटीला ते पूर्ण उतरते.

गंमत अशी, की ती थट्टा खरी झाली. आजच्या कित्येक गाड्यांत चालू आणि बंद करायचे बटण एकच असते. विजेवरची गाडी तर चाकांवरचा संगणकच आहे. त्याचे फायदे नाकारण्यात अर्थ नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ‘कन्झ्यूमर रिपोर्ट्स’ने टेस्लाच्या मॉडेल ३ चे ब्रेक सदोष ठरवले. ताशी ६० मैलांवरून थांबायला गाडीला १५२ फूट लागत होते. कंपनीने दूरवरून सॉफ्टवेअर बदलले आणि तेच अंतर १३३ फुटांवर आले. कोणी पाना हातात घेतला नाही. पण त्याच्या आदल्या वर्षीची घटना पाहा. फ्लोरिडावर इर्मा चक्रीवादळ चालून आले, तेव्हा कंपनीने काही गाड्यांचा पल्ला दूरवरून तात्पुरता वाढवून दिला. लोकांना सुटायला मदत झाली, हे चांगलेच. पण त्यातूनच सगळ्यांना कळले, की मोठी बॅटरी त्या गाड्यांत आधीपासून होती, तिच्या काही भागाला कुलूप होते आणि किल्ली मालकाकडे नव्हती. २०२२ मध्ये बीएमडब्ल्यूने काही देशांत आसन गरम करण्याची सोय मासिक वर्गणीवर देऊ केली. आसनात तारा असायच्या, पण ऊब भाड्याने घ्यायची. टीका झाली आणि पुढच्या वर्षी तो बेत मागे घेतला गेला.

आणि नेमक्या याच काळात विनोद दुसऱ्या बाजूला गेला. टेस्लाच्या गाड्यांत अपानवायूचा आवाज काढायची सोय आली. तिला नाव दिले ‘उत्सर्जन चाचणी’. धूर न सोडणाऱ्या गाडीसाठी ही कोटी बिनतोड आहे, मलाही हसू आले. गाडीबाहेर हवे ते आवाज ऐकवण्याचीही सोय झाली. मग २०२२ मध्ये अमेरिकेच्या वाहनसुरक्षा खात्याने आक्षेप घेतला, की त्या आवाजात पादचाऱ्यांसाठी असलेला सक्तीचा इशारा बुडतो, आणि सुमारे ५ लाख ७९ हजार गाड्यांत ती सोय बदलावी लागली. विजेची गाडी नीरव असते. जो डोळ्यांनी पाहू शकत नाही, त्याच्यासाठी तो इशारा म्हणजेच गाडी. ही थट्टा करणारा अडचणीच्या बाहेर उभा होता आणि किल्लीही त्याच्याच हातात होती. पूर्वी यंत्र वापरणारा यंत्र बनवणाऱ्याला हसत असे. आता बनवणारा विनोद करतो आणि शंका काढणारा अरसिक ठरतो. या वाङ्मयप्रकाराला झालेला खरा आजार हा आहे.

तो आजार मलाही झालेला होता. आमच्या शेजारी सत्तरी ओलांडलेले एक काका राहतात. जवळपास तीस वर्षे त्यांनी एकच स्कूटर स्वतःच्या हाताने दुरुस्त करत चालवली. एका संध्याकाळी वाद रंगात आला असताना त्यांनी विचारले, ‘‘ही कंपनी उद्या बंद पडली, तर या गाडीचं सॉफ्टवेअर कोण सांभाळणार?’’ मी पटकन म्हणालो, ‘‘काका, दहा वर्षांनी तुमचं-आमचं सॉफ्टवेअर कोण सांभाळणार, ते आधी बघा!’’ हशा झाला. काकाही हसले, पण पुन्हा काही बोलले नाहीत. विनोद वाईट नव्हता. तो वयावर होता आणि प्रश्न मालकीवर होता. ‘नव’ म्हणजे नऊ असे धरून मी सभा जिंकली होती.

गेल्या पावसाळ्यात तीच गाडी एका रात्रीच्या अपडेटनंतर चार दिवस पार्किंगमध्ये जागची हलली नाही. दारेही धड उघडेनात. दुरुस्तीला आलेल्या मुलाने लॅपटॉप जोडला, फोन लावला आणि तोही आमच्यासारखाच वाट पाहत बसला. काका गॅलरीतून बघत होते. त्यांनी एकही टोमणा मारला नाही. संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो आणि म्हणालो, ‘‘तुमच्या त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही.’’

काकांनी चहाचा कप पुढे केला. ‘‘माझ्याकडेही नाही,’’ ते म्हणाले. ‘‘पण तुमचं एक अपडेट झालेलं दिसतंय.’’

मग आम्ही दोघे त्या प्रश्नावर रात्री उशिरापर्यंत भांडलो.