परामानववाद आणि मार्क्सवाद : बर्नाल यांच्या विचारातील तात्त्विक पेच

प्रस्तावना :
ट्रान्सह्युमॅनिझम म्हणजेच परामानववाद हे अलीकडच्या भांडवली तंत्रयुगाचे अपत्य होय, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ज्युलियन हक्स्ले यांच्या १९५७ मधील निबंधाने ही संज्ञा रूढ झाली, तर १९९८ मध्ये निक बोस्ट्रम व डेव्हिड पिअर्स यांनी या विचाराची जागतिक संघटना स्थापन केली. तथापि, जे. डी. बर्नाल या मार्क्सवादी स्फटिकशास्त्रज्ञाने १९२९ मध्येच ‘द वर्ल्ड, द फ्लेश अँड द डेव्हिल’ या छोटेखानी ग्रंथात या विचाराची जवळजवळ संपूर्ण रूपरेषा मांडली होती.

साम्यस्थळे :
मानवी स्वभाव अचल नाही, हे दोन्ही विचारधारांचे समान गृहीतक आहे. श्रमाद्वारे निसर्ग बदलताना माणूस स्वतःलाही बदलतो, असे मार्क्स ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात (१८६७) प्रतिपादन करतो. बर्नाल हेच सूत्र देहापर्यंत नेतात. मेंदू देहापासून वेगळा करून यंत्राद्वारे जिवंत ठेवणे व अनेक मेंदू परस्परांशी जोडून सामूहिक मन घडविणे, ही त्यांची कल्पना होय. व्यक्तिगत अमरत्वापेक्षा सामूहिकतेवर दिलेला हा भर त्यांचे वेगळेपण दर्शवितो.

मर्यादा :
मात्र येथेच पेच उद्भवतो. मानवजात दोन गटांत विभागली जाईल आणि पृथ्वी ही जणू सामान्य माणसांचे प्राणिसंग्रहालय बनेल, ही शक्यता बर्नाल स्वतःच वर्तवितात. सोव्हिएत पद्धतीच्या राज्यात वैज्ञानिक संस्थाच क्रमाने शासनसंस्था होतील, असेही त्यांना वाटते. वर्गविहीन समाजाचे ध्येय मानणारा विचारवंत देहाच्या पातळीवर नव्या वर्गभेदाची कल्पना करतो, ही विसंगती दुर्लक्षिण्याजोगी नाही. मानवी सार हे सामाजिक संबंधांच्या समुच्चयात असते, हा फायरबाखविषयक सहाव्या प्रबंधातील (१८४५) विचार येथे निसटतो. देह बदलण्याची साधने कोणाच्या मालकीची, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो.

समारोप :
‘द सोशल फंक्शन ऑफ सायन्स’ (१९३९) या ग्रंथात बर्नाल विज्ञानाच्या सामाजिक नियोजनाकडे वळले, ही बाब अर्थपूर्ण आहे. माणूस किती बदलू शकतो, हा परामानववादाचा प्रश्न आहे. तो बदल कोण, कोणासाठी घडवितो, हा मार्क्सवादाचा. दुसऱ्या प्रश्नाविना पहिल्याचे उत्तर मुक्तीकडे नव्हे, तर नव्या दास्याकडे नेऊ शकते, हेच बर्नाल यांच्या ग्रंथाच्या चिकित्सेतून स्पष्ट होते.