वही, यादी आणि वाचक

ईमेलद्वारा वार्तापत्र पाठवू लागलेला लेखक स्वतःला ‘स्वतंत्र’ म्हणवतो, तेव्हा संपादक-प्रकाशकांपासूनची मुक्ती त्याला अभिप्रेत असते. वाङ्मयीन व्यवहारात ही मुक्ती दुय्यम होय. संहिता अखेर कोणाच्या हाती उरते, हा प्रश्न अधिक मूलगामी आहे. आणि मराठीत तो देहूइतक्या तीव्रतेने क्वचितच उपस्थित झाला असेल.

सतराव्या शतकात तुकारामांना लेखनाचा अधिकार देणारी संस्था नव्हती. नाकारणारी मात्र होती. इंद्रायणीत बुडवलेल्या वह्या कोरड्या वर आल्या, असे परंपरा सांगते. चमत्कार बाजूला ठेवला तरी संहिता टिकण्याचे कारण उरतेच : अभंग टाळकऱ्यांच्या कंठात होते. परंपरेने लेखनिक मानलेले चाकणचे संताजी जगनाडे आणि कडूसचे गंगाराम मवाळ हे श्रोते, गायक व नकलकार एकाच वेळी होते. १८६९ साली इंदुप्रकाश छापखान्यातून गाथा निघाली तीही देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर अशा ठिकठिकाणच्या हस्तलिखितांच्या आधारे. पाठभेदांची डोकेदुखी अभ्यासकांना अद्याप पुरते आहे. पण ती अनेक हातांची किंमत आहे.

वार्तापत्राच्या यादीत हात नसतात, पत्ते असतात. तरीही ईमेलचा एक गुण दुर्लक्षिला जातो. पोचलेले पत्र लेखकालाही परत घेता येत नाही. संकेतस्थळ बंद पडले तरी वाचकाच्या पेटीत प्रत राहते. जितके वाचक तितक्या प्रती : हस्तलिखित परंपरेशी याचे नाते छापील मासिकापेक्षा जवळचे आहे. मग पत्रात चार ओळी देऊन ‘उर्वरित संकेतस्थळावर वाचा’ असे सांगणारा लेखक नेमके काय गमावतो? सबस्टॅकसारखी २०१७ साली सुरू झालेली सेवा सशुल्क वर्गणीतील १० टक्के घेते आणि यादी लेखकाला उतरवून घेऊ देते. यादी हाती आली, पण मजकूर वाचकाच्या पेटीत गेलाच नसेल, तर लेखकाकडे केवळ ग्राहक उरतात.

नियतकालिकतेचा मुद्दाही आहेच. १९५४ मध्ये ‘शब्द’ काढणाऱ्या तरुणांत दिलीप चित्रे होते. तुकारामांकडे ‘पुन्हा’ वळून त्याच शब्दाने पुस्तकाचे नाव सुरू करणारेही तेच (१९९०). ‘शब्द’नंतर आलेल्या लघुनियतकालिकांनी ‘अनियतकालिक’ हे नाव मिरवले, त्यात लिहिण्यासारखे असेल तेव्हाच लिहिण्याचा हक्क गृहीत होता. दर गुरुवारचे आश्वासन देणारा वार्तापत्रकार हा हक्क पहिल्याच अंकात सोडून देतो, आणि पुढे पत्र किती जणांनी उघडले याचा आकडा पाहून शीर्षके ठरवू लागतो. संपादक गेला खरा; त्याच्या खुर्चीवर आता आकडा बसला आहे, आणि त्याच्याशी वाद घालता येत नाही.