न शिवता

डीमेक शस्त्रक्रियेच्या चित्रफितीत खरी बघण्यासारखी असतात ती मधली काही मिनिटं. डोळ्याच्या आत निळ्या रंगाची एक बारीक गुंडाळी तरंगत असते. ती उलगडायची असते, पण चिमटा लावायचा नाही आणि टोक धरून ओढायचंही नाही. सर्जन कॉर्नियावर बाहेरूनच बोथट नळीच्या टोकानं हलक्या टिचक्या देत राहतो. त्यानं आतलं पाणी हलतं, गुंडाळीची एक कड सुटते आणि पुन्हा मिटते. तो थांबतो. मग दुसऱ्या बाजूनं टिचकी. ज्या पडद्यासाठी हा सगळा खटाटोप, त्याला हात न लावण्यात इथली सगळी कारागिरी आहे.

कॉर्निया म्हणजे डोळ्याची पुढची काच. जाडी मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर. तिच्या सगळ्यात आतल्या अंगाला षट्कोनी पेशींचा एकच थर असतो, एंडोथेलियम. धडधाकट प्रौढ माणसात दर चौरस मिलिमीटरला अडीच हजारांच्या आसपास पेशी. त्यांचं काम एकच: कॉर्नियात झिरपणारं पाणी सतत उपसून बाहेर टाकायचं. उपसा चालू तोवर काच स्वच्छ. पण या पेशी माणसात नव्यानं तयार होत नाहीत. एक मेली की शेजारणी पसरून तिची जागा भरतात, आणि संख्या पाचशेच्या खाली गेली की उपसा पुरा पडेनासा होतो. मग काच फुगते, धुरकटते.

व्हिएन्नाच्या अर्न्स्ट फुक्स यांनी 1910 साली वर्णन केलेला आजार तो हाच. आपल्याकडे मात्र बहुतेक रुग्ण मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर या वाटेला लागलेले असतात. मुळात पेशी कमी, त्यात शस्त्रक्रियेत आणखी काही जातात.

अंजनगाव सुर्जीच्या पानमळ्यांतली पानं निवडण्यात आमच्या थोरल्या मावशीचं आयुष्य गेलं. डागाचं पान बोटांना आधी कळायचं, डोळ्यांना नंतर. मोतीबिंदू काढून काही वर्षं झाल्यावर ती म्हणायला लागली, “सकायी अंधुक दिसते बाप्पा, उन्हं चढली की साजरं दिसते.” घरच्यांनी ते वयावर ढकललं. पण या एका वाक्यात अख्खं निदान होतं. रात्रभर पापण्या मिटलेल्या, त्यामुळे डोळ्यावरचं पाणी उडून जात नाही आणि सकाळी काच जास्तीत जास्त फुगलेली असते. दिवसा डोळे उघडे राहतात, हवेनं थोडं पाणी सुकतं, तेवढं दिसायला लागतं. डोळ्याच्या डॉक्टरांपुढे हे वाक्य कुणी बोललं, तर ते लगेच कान टवकारतात.

पूर्वी अशा रुग्णाचा सगळा कॉर्निया बदलत. 7 डिसेंबर 1905 रोजी ओलोमॉत्स गावी एडुआर्ड झिर्म यांनी पहिला टिकलेला कॉर्निया बसवला. ती परंपरा थोर आहे, आणि जिथं पूर्ण जाडीचा कॉर्निया खराब झालेला असतो तिथं तिला आजही पर्याय नाही. पण आतला एक थर बिघडला म्हणून पुढचे सगळे चांगले थर कापून टाकायचे, केसाहून बारीक नायलॉनचे सोळाएक टाके घालायचे आणि नजर स्थिरावायला वर्ष-दीड वर्ष वाट पाहायची, हा सौदा फार महागात पडे. शिवाय ती गोल जखम मूळच्या ताकदीला कधीच येत नाही. ज्याला उद्या पऱ्हाटीत उतरायचंय, बैल सोडायचा-बांधायचा आहे, त्याच्या डोळ्याला जन्मभराचा धोका. आमच्या भागापुरता विचार केला तर मला हाच मुद्दा सगळ्यात मोठा वाटतो.

नेदरलँड्सच्या गेरिट मेलेस यांनी प्रश्नच वेगळा धरला. बिघडलंय तेवढंच काढायचं. 1998 पासून ते एकेक पायरी चढत गेले आणि 2006 मध्ये डीमेकपाशी पोहोचले. आता बसवायचा तो पडदा, डेसिमेट पडदा आणि त्यावरचा पेशींचा थर मिळून, जेमतेम पंधरा-वीस मायक्रॉन जाडीचा. छेद तीन मिलिमीटरच्या आतबाहेर. नव्या पडद्याला टाका एकही नाही.

आता ती गुंडाळी. नेत्रदात्याच्या कॉर्नियावरून हा पडदा पाण्याखाली अलगद सोलतात आणि साधारण आठ मिलिमीटरची चकती कापतात. ती सुटी झाली रे झाली की आपोआप गुंडाळते, केळीच्या पोंग्यासारखी, आणि पेशींचा नाजूक थर नेमका बाहेरच्या अंगाला येतो. पडदा इतका पारदर्शक की पाण्यात दिसणारच नाही, म्हणून ट्रायपॅन ब्लूनं निळा करतात. काचेच्या नळीतून तो डोळ्यात सोडला की पहिला प्रश्न: सुलटा आहे की उलटा? उलटा बसला तर पेशी भलत्या बाजूला आणि सगळं वाया. त्याची परीक्षा मला फार आवडते. नळीचं टोक गुंडाळीच्या कडेशी वरून नेतात. ते वळलेल्या कडेच्या आत शिरून निळं दिसलं, तर पडदा सुलटा. मग टिचक्या. पाणी मुद्दाम कमी ठेवतात, म्हणजे उलगडलेल्या पडद्याला पुन्हा मिटायला जागाच उरत नाही. शेवटी पडद्याखाली हवेचा बुडबुडा सोडला की तो पडद्याला वर उचलून कॉर्नियाला टेकवतो. त्या क्षणी निळी चकती सपाट होते, आणि बघणाऱ्याचाही श्वास सुटतो.

हवा वर जाते, म्हणून रुग्णानं पाठीवर पडून छताकडे बघायचं. हवेऐवजी वायू भरला असेल तर तो विरेपर्यंत विमान नाही आणि चिखलदराही नाही. उंचीवर वायू फुगतो आणि डोळ्यातला दाब वाढतो. कधी पडद्याची कड सुटते, तेव्हा पुन्हा बुडबुडा भरावा लागतो. हे दोष खरे आहेत. पण जमलं की काही आठवड्यांत नजर येते. शरीरानं पडदा नाकारण्याचं प्रमाणही फार कमी. 2012 च्या एका तुलनेत दोन वर्षांत ते डीमेकमध्ये सुमारे 1 टक्का, तर पूर्ण जाडीच्या प्रत्यारोपणात 18 टक्के निघालं.

यातली सगळ्यात सुंदर गोष्ट दात्याच्या वयाची. तरुणाचा पडदा लवचीक, तो घट्ट गुंडाळतो आणि उलगडता उलगडत नाही. म्हाताऱ्या माणसाचा पडदा सैल गुंडाळतो, सहज खुलतो. पेशी पुरेशा असतील तर डीमेकसाठी पन्नाशी ओलांडलेला दाताच सर्जनला हवा असतो. आमच्याकडे मयताच्या घरी नेत्रदानाचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, “बुढ्याचे डोये कोनाच्या कामाचे?” त्याला इथं सरळ उत्तर आहे. चष्मा असो, मोतीबिंदू झालेला असो, अडत नाही. सहा तासांच्या आत कळवावं, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा. अमरावतीत हरिना नेत्रदान समितीची माणसं हे काम करतात.

तरुण दात्यांचाही मार्ग निघाला आहे, आणि त्यात आपल्या विदर्भाचा धागा आहे. नागपुरात वैद्यकीय शिक्षण घेऊन पुढे नॉटिंगहॅमला गेलेले हरमिंदर दुआ यांनी 2013 मध्ये डेसिमेटच्या पुढ्यात एक पातळ पण चिवट थर दाखवून दिला. तो स्वतंत्र म्हणावा की नाही यावर वाद झाला. पण चेन्नईच्या अमर अगरवाल यांच्यासोबत त्यांनी त्या थरासकट पडदा बसवण्याची पद्धत आणली. त्या चिवट अस्तरामुळे कोवळ्या दात्याचा पडदाही हाती धरता येतो. सर्जनला हे सोयीचं, पण निव्वळ दृष्टीच्या स्वच्छतेत मी डीमेकलाच झुकतं माप देईन. कॉर्नियाचं मूळ अंग जसं होतं तसं तिथंच परत मिळतं.

2018 मध्ये क्योतोच्या शिगेरू किनोशिता यांच्या गटानं याच्याही पुढचं पाऊल टाकल्याचं जाहीर केलं. प्रयोगशाळेत वाढवलेल्या एंडोथेलियमच्या पेशी 11 रुग्णांच्या डोळ्यांत नुसत्या सुईनं सोडल्या. पडदा नाही, गुंडाळी नाही. पेशी तळाला बसतात, म्हणून हे रुग्ण तीन तास पालथे झोपवले. एका दात्याच्या पेशींतून अनेकांचं काम भागणार असेल तर ती उलगडण्याची कला मागे पडली तरी चालेल. पण अजून ते औषध आपल्या गावापर्यंत आलेलं नाही, आणि मावशीसारख्यांची नजर आज तरी त्या निळ्या गुंडाळीच्या सुलट्या उलगडण्यावरच येते.