स्वतंत्र लेखकाचा व्यवहार : प्रतिभा, शिस्त आणि हिशेब

प्रास्ताविक

मराठी समीक्षेने लेखकाच्या प्रतिभेचा विचार पुष्कळ केला. त्याच्या व्यवहाराचा मात्र फारसा केला नाही. छपाईचे देणे, वर्गणीदारांची यादी, न खपलेल्या प्रती हे तपशील चरित्रकाराच्या वाट्याला जातात आणि समीक्षक कलाकृतीकडे वळतो. या विभागणीमागे एक गृहीत आहे : व्यवहार हा निर्मितीच्या बाहेरचा, काहीसा कमी प्रतीचा भाग होय. प्राचीन साहित्यशास्त्राने मात्र असा विटाळ मानलेला नाही. मम्मटाने काव्याची जी सहा प्रयोजने सांगितली, त्यांत यशाच्या पाठोपाठ अर्थप्राप्तीचा क्रम लागतो. काव्याचे कारण सांगताना त्याने शक्ती, निपुणता आणि अभ्यास यांची नावे घेतली. परंतु ही तीन वेगवेगळी कारणे नसून तिन्ही मिळून एकच कारण होय, असा त्याचा आग्रह आहे. म्हणजे प्रतिभा आणि शिस्त यांची फारकत आपल्या शास्त्रालाच मान्य नाही. अलीकडच्या काळात ना. सी. फडके यांनी ‘प्रतिभासाधन’ (१९३१) या ग्रंथात ललितलेखनाचे तंत्र अभ्यासाने साध्य होते हे आग्रहाने मांडले. पण तेथेही चर्चा तंत्रापाशी थांबते, व्यवहारापर्यंत पोहोचत नाही.

प्रस्तुत लेखात ‘स्वतंत्र लेखक’ ही संज्ञा मर्यादित अर्थाने वापरली आहे. जो आपल्या लेखनाची प्रसिद्धी आणि विक्री यांची जबाबदारी स्वतः किंवा आपल्या निवडीच्या सहकाऱ्यांसह उचलतो, तो स्वतंत्र लेखक. अशा लेखकाने स्वीकारलेली व्यावहारिक व्यवस्था त्याच्या लेखनाच्या रूपात उतरते काय, आणि उतरत असेल तर कशी, हा येथे विचारार्थ घेतलेला प्रश्न आहे. त्यासाठी राम जोशी, हरि नारायण आपटे, श्रीधर व्यंकटेश केतकर आणि अरुण कोलटकर ही चार उदाहरणे निवडली आहेत.

राम जोशी : समोर बसलेला श्रोता

प्रारंभ सोलापूरच्या मातीतून करणे उचित ठरेल. पेशवाईच्या अखेरच्या काळातील शाहीर राम जोशी हे मूळचे सोलापूरचे. घरची परंपरा वैदिक आणि पुराणिकाची. पण ओढा तमाशाचा. या ओढीपायी त्यांना घर सोडावे लागले, पंढरपुरास त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले आणि पुढे पुन्हा फडावरच उभे राहिले, असे परंपरा सांगते. घरच्या वृत्तीचा आधार सुटल्यावर त्यांच्यापाशी उरला तो समोरचा श्रोता. त्याची दाद हेच उत्पन्न आणि त्याचा कंटाळा हीच तूट.

राम जोशी यांच्या लावणीतील शब्दांची झगमग, यमकांची दाटी आणि संस्कृत पांडित्याचे एकाएकी होणारे दर्शन यांचा विचार अभ्यासक सहसा ‘विद्वत्तेचा प्रभाव’ या सदरात करतात. हे विवेचन अपुरे आहे. फडावर लक्ष क्षणाक्षणाला जिंकावे लागते. तेथे दुसरे वाचन नाही, मागे वळून पाहणे नाही. त्यामुळे चमत्कृती हा त्या रचनेचा केवळ अलंकार नव्हे, ती त्या व्यवहाराची गरज आहे. मोरोपंतांच्या सहवासानंतर ते कीर्तनाकडे वळले आणि मोरोपंतांच्या आर्या त्यांनी कीर्तनातून लोकांपर्यंत नेल्या, अशीही परंपरा आहे. श्रोता बदलला, मोबदल्याची रीत बदलली, तशी वाणीही बदलली. आख्यायिकेचा भाग वगळला तरी फड आणि कीर्तन या दोन्ही ठिकाणच्या भाषेतील अंतर पुरेसे बोलके आहे. श्रोत्याशिवाय दुसरा नियंता नसलेला कलावंत एका अर्थाने पूर्ण स्वतंत्र असतो. परंतु संपादन आणि हिशेब ही दोन्ही कामे तो एकाच गर्दीकडे सोपवतो.

हरि नारायण आपटे : आठवड्याचा वायदा

मुद्रणयुगात या गर्दीची जागा वर्गणीदाराने घेतली. हरिभाऊंनी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केले आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी त्यातून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. येथे लेखक, संपादक आणि चालक एकच. ठरल्या दिवशी अंक निघालाच पाहिजे, ही शिस्त त्यांनी वर्षानुवर्षे पाळली. मराठी कादंबरीला जो विस्तार आणि जे सातत्य लाभले, त्यात या साप्ताहिक वायद्याचा वाटा मोठा आहे.

मात्र वायदा लेखकाला लिहायला लावतो. कोठे थांबावे हे तो शिकवत नाही. हरिभाऊंच्या कादंबऱ्यांतील पाल्हाळाबद्दल समीक्षकांनी वारंवार तक्रार केली आहे आणि त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याही राहिल्या. चालक आणि लेखक एकच असल्यामुळे ‘हे प्रकरण नको’ असे सांगणारे दुसरे कोणी त्या व्यवस्थेत नव्हते. परंतु हाच दोष सर्वत्र दोष ठरत नाही, हेही नोंदवले पाहिजे. यमू स्वतः आपली हकिकत सांगते, तेव्हा आठवणींचे रेंगाळणे, मध्येच दुसरीकडे वळणे, पुन्हा मूळ धाग्यावर येणे हे सारे तिच्या निवेदनाला शोभते. हप्त्याची सैल वीण आणि घरातल्या बाईच्या बोलण्याची वीण तेथे जुळली आहे. ऐतिहासिक कादंबरीत घटनांचा वेग अपेक्षित असतो, तेथे तीच सैल वीण खटकते. म्हणजे व्यवस्था तीच असूनही तिचे फळ विषयानुसार वेगळे येते.

आणखी एक गोष्ट दृष्टिआड होऊ नये. हरिभाऊ पुण्याच्या आनंदाश्रम संस्थेचे व्यवस्थापक होते. त्यांचा चरितार्थ केवळ ‘करमणुकी’च्या वर्गणीवर अवलंबून नव्हता. त्यांच्या लेखनस्वातंत्र्याला अशा नियमित कामाचा आधार होता. हे मान्य केल्याने त्यांची थोरवी उणावत नाही. उलट स्वातंत्र्याची किंमत कोणीतरी, कोठेतरी भरतच असतो, हे स्पष्ट होते.

केतकर : विद्येची कंपनी

व्यवहाराचा सर्वांत धाडसी प्रयोग डॉ. केतकरांचा. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन परतलेल्या या विद्वानाने मराठीत ज्ञानकोश रचण्याचे ठरवले. त्यासाठी संस्थानिकाच्या देणगीची वाट न पाहता त्याने नागपुरात लिमिटेड कंपनी काढली. भागभांडवल, आगाऊ वर्गणीदार, पगारी लेखकवर्ग, ठरवलेले वेळापत्रक अशी ती रचना होती. तिच्या बळावर ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे तेवीस खंड पूर्ण झाले. या प्रयत्नाचा इतिहास केतकरांनी ‘माझे बारा वर्षांचे काम’ या पुस्तकात स्वतः लिहून ठेवला. विद्वानाने आपल्या व्यवहाराचा असा हिशेब वाचकांपुढे मांडावा, ही घटना मराठीत विरळा होय.

या कंपनीने काय कमावले, याचे उत्तर केवळ जमाखर्चात सापडणार नाही. ज्ञानकोशाच्या कार्यालयात तयार झालेले य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे पुढे सात विभागांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’च्या कामास लागले आणि तो त्यांनी १९३०च्या दशकात तडीस नेला. कंपनीचे काम संपले, पण तिने लावलेली कामाची रीत टिकली.

याच केतकरांच्या कादंबऱ्या शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे आपला मुद्दा अधिक उघड होतो. ‘ब्राह्मणकन्या’ (१९३०) या कादंबरीत कालिंदीच्या निमित्ताने जात, कूळ आणि विवाहसंस्था यांविषयी जे प्रश्न उभे केले आहेत, त्यांची तोड त्या काळच्या मराठी कादंबरीत क्वचितच आढळेल. दुर्गा भागवतांना ‘केतकरी कादंबरी’ हा स्वतंत्र ग्रंथ लिहावासा वाटला, तो या वैचारिक सामर्थ्यामुळेच. तथापि रचना विस्कळीत आहे, चर्चा कथेला वारंवार अडवते, भाषा घाईची आहे. ज्ञानकोशात ज्याने इतरांच्या लेखनाला मर्यादा घातली, तोच लेखक स्वतःच्या कादंबरीला मर्यादा घालू शकला नाही. याचे कारण वृत्तीत शोधण्यापूर्वी व्यवस्थेत शोधावे. कोशाच्या पाठीशी मंडळ होते, वेळापत्रक होते, दुसऱ्याची नजर होती; कादंबरीकार केतकर मात्र एकटे होते. शिस्त हा केवळ वैयक्तिक गुण असता, तर ती एका कामात असून दुसऱ्यात नाहीशी होण्याचे कारण नव्हते.

कोलटकर : विलंबाचे स्वातंत्र्य

चौथे उदाहरण अगदी उलट टोकाचे आहे. अरुण कोलटकर यांनी पोटासाठी मुंबईच्या जाहिरातक्षेत्रात चित्रकार-संकल्पक म्हणून काम केले आणि कवितेकडून पोटाची अपेक्षा ठेवली नाही. ‘जेजुरी’ हा त्यांचा इंग्रजी संग्रह १९७६ मध्ये ‘क्लिअरिंग हाउस’ या कवींनीच चालवलेल्या सहकारी प्रकाशनातून निघाला. १९७७ मध्ये ‘अरुण कोलटकरच्या कविता’ अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाने काढला. त्यानंतर ‘चिरीमिरी’ आणि ‘भिजकी वही’ हे मराठी संग्रह आले ते २००३ मध्ये. मधली सुमारे पंचवीस वर्षे कोणत्याही वर्गणीदाराचा तगादा नव्हता, कोणतेही वेळापत्रक नव्हते. २००४ मध्ये कवीचे निधन झाले.

या विलंबाने काय दिले, ते ‘भिजकी वही’त दिसते. निरनिराळ्या काळांतील आणि देशांतील दुःखी स्त्रियांना एका मोठ्या रचनेत आणणे हे हप्त्याहप्त्याने होणारे काम नव्हे. पुस्तकाचा आकार, अक्षरजुळणी, पानावरची मोकळी जागा यांकडे कवी आणि प्रकाशक या दोघांचेही लक्ष होते. येथे ‘नको’ म्हणणारा आणि ‘अजून नाही’ म्हणणारा सहकारी कवीने आपणहून निवडला होता. मात्र हा मार्ग सर्वांना खुला नाही. ज्याचा चरितार्थ दुसऱ्या कसबावर चालतो आणि ज्याला साक्षेपी प्रकाशक-मित्र लाभतो, त्यालाच हे परवडते. शिवाय विलंबाचीही किंमत असते : एवढी वर्षे मराठी वाचक या कवितेपासून दूर राहिला.

समारोप

या चार उदाहरणांतून एक सूत्र हाती येते. स्वतंत्र लेखक प्रकाशकाला, संपादकाला आणि आश्रयदात्याला दूर ठेवू शकतो; त्यांच्या कामांना दूर ठेवू शकत नाही. कृती केव्हा पूर्ण झाली हे कोणीतरी ठरवावे लागते, नुकसान कोणीतरी सोसावे लागते आणि नको असलेल्या मजकुराला कोणीतरी नकार द्यावा लागतो. राम जोशींनी ही तिन्ही कामे श्रोत्यांवर सोपवली. हरिभाऊंनी पहिले काम वायद्याकडे दिले, तिसरे कोणाकडेच दिले नाही. केतकरांनी कोशासाठी तिन्हींची सोय केली, कादंबरीसाठी केली नाही. कोलटकरांनी दुसरे काम आपल्या नोकरीधंद्यावर घेतले आणि उरलेल्या दोहोंसाठी जोडीदार निवडला. सोलापुरात स्वतःचा माग असलेला विणकरही सूत आणि बाजार यांपासून सुटलेला नसतो. माग स्वतःचा असणे म्हणजे कापडाचा पोत ठरवण्याचा अधिकार आपला असणे, एवढाच त्याचा अर्थ.

या सूत्राचे महत्त्व आज आपणा अध्यापकांना विशेष आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने ग्रंथलेखनास गुण जोडले. पुस्तकाचा आय.एस.बी.एन. क्रमांक विनामूल्य मिळतो आणि मागणीनुसार थोड्या प्रती छापणेही शक्य झाले आहे. यातून स्वखर्चाने पुस्तक काढणारा लेखक-प्राध्यापक हा वर्ग सर्वत्र वाढला. त्याला सरसकट हिणवणे अन्यायाचे होईल. हरिभाऊ आणि केतकर हेही स्वप्रकाशकच होते. परंतु या नव्या व्यवस्थेत पुस्तक केव्हा पूर्ण झाले हे बढतीची तारीख ठरवते, नुकसान पगार सोसतो आणि नकार देणारे कोणीच उरत नाही. त्या पुस्तकांतील पुनरुक्ती आणि घाई ही केवळ लेखकाच्या आळसाची खूण नसून या रिकाम्या जागेची खूण आहे.

ही जागा भरणे अवघड नाही. हस्तलिखित छापखान्यात जाण्यापूर्वी विषय जाणणाऱ्या एका सहकाऱ्याने ते कठोरपणे वाचावे, त्याचा नकार मानला जावा आणि त्यासाठी वेळ राखून ठेवला जावा, एवढी व्यवस्था कोणत्याही महाविद्यालयात होऊ शकते. समीक्षेनेही ‘हे पुस्तक कोणी काढले’ या प्रश्नाशी न थांबता ‘याला नको कोणी म्हटले’ हा प्रश्न विचारावयास हवा. त्याचे उत्तर पुस्तकाच्या पानापानांत सापडते.