रिकाम्या जागेचे व्याकरण

मी वसईच्या एव्हरशाईन सिटीत राहतो. मध्यंतरी एका दुकानाकडून मोबाईलवर दोन निरोप आले. पहिल्यात माझ्या नावाच्या जागी टक्क्याची खूण आणि तिच्या शेपटाला एक रोमन अक्षर होते. दुसरा असा : ‘तुमचे सामान नालासोपारामध्ये पोहोचले आहे.’ पहिल्याला घरात सगळे हसले. दुसऱ्यात काही चुकले आहे असे कोणास वाटलेही नाही. माझ्या मते टीकेस पात्र आहे तो दुसराच.

ती खूण म्हणजे संगणकाच्या वाक्यात राखून ठेवलेली जागा. १९७२ च्या सुमारास घडलेल्या ‘सी’ भाषेने ही रीत रूढ केली. वाक्य आधी तयार असते. नाव, गाव, आकडा ऐन वेळी आत येऊन बसतो. अनुवादकाने खुणेला धक्का लावू नये, असा दंडक आहे आणि तो रास्तच आहे. पण खूण शाबूत राहिली म्हणजे अनुवाद झाला, ही समजूत मात्र चुकीची.

इंग्रजी नाम वाक्यात कोठेही बसवा, ते बदलत नाही. मराठी नाम प्रत्ययापूर्वी सामान्यरूप धारण करते. वसई, एव्हरशाईन सिटी ही नावे प्रत्यय सहज पत्करतात, म्हणून दोष झाकला जातो. नालासोपाऱ्यात किंवा ठाण्यात शिरताच तो उघडा पडतो. क्रियापदाचीही तीच अडचण. ‘अमुक आला’ की ‘आली’, हे यंत्राने कसे ठरवावे? येथे मराठीच काहीशी मदतीला येते. ‘अमुकने चित्र पाठवले’ या कर्मणी रचनेत पाठवणारा पुरुष की स्त्री, हे क्रियापद विचारीतच नाही.

आपल्या कारकुनांनी हा पेच संगणकापूर्वीच सोडवला होता. छापील कागदावरचे ‘श्री. —— यांस’, ‘मौजे —— येथे’ आठवावे. प्रत्ययाचा भार सर्वनामाने उचलला, नाव जसेच्या तसे राहिले. ‘नालासोपारा येथे’ निर्दोष आहे. अनुवादकांनी ही युक्ती जरूर घ्यावी. पण प्रत्येक वाक्यात ‘यांस’ आणि ‘येथे’ आले, तर मित्राचा निरोपही समन्सासारखा वाटू लागेल.

तेव्हा दुरुस्ती साधनातच हवी. २००३ साली सुरू झालेला मराठी विकिपीडिया ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालतो, तीत लिंगवचनांप्रमाणे निरनिराळी रूपे देण्याची सोय आहे. राखीव जागांना क्रमांक असल्याने शब्दक्रमही बदलता येतो. गावाच्या नावाशेजारी त्याचे सामान्यरूप नोंदवून ठेवणे याहून अवघड नाही. वसई-विरारकडची गावे ती किती!

आमच्या इमारतीतली मुले ‘ठाणेला जायचंय’ म्हणतात, तेव्हा मला त्या दुसऱ्या निरोपाची आठवण होते. चूक कानाला खटकेनाशी झाली, की ती दाखवणाराच तऱ्हेवाईक ठरतो.