टेक्स्ट एडिटर : दर्शन आणि पाठ

टेक्स्ट एडिटरने पडद्यावर काय दाखवावे, हा केवळ तांत्रिक प्रश्न नाही. 'आचाऱ्यास' हा शब्द पाहावा. युनिकोडमध्ये त्यातील अर्धा 'र' दोन प्रकारे साठवता येतो : नुक्तायुक्त 'ऱ' व हलन्त, अथवा साधा 'र', हलन्त व शून्य रुंदीचा अदृश्य जोडक. दोन्ही रूपे सारखीच दिसतात. साध्या शोधात मात्र एक सापडते, दुसरे निसटते. जोडक गळाल्यास 'आचार्यास' होऊन स्वयंपाकी गुरुपदी पोहोचतो! अदृश्य चिन्हे लपवावीत, हा सुबकतावाद्यांचा आग्रह वाचकापुरता रास्त आहे. प्रबंध वा कोश सिद्ध करणारा मात्र पाठाला उत्तरदायी असतो. 'ईमॅक्स'मध्ये ही चिन्हे दृश्य करता येतात. मूळ मजकुराला धक्का न लावणारी अशी सोय प्रत्येक एडिटरमध्ये सहज हाताशी असावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.